एका रिंगची खुशाली

“उचलू नको वं, पुनव. वाजू दे. एक डाव वाजून थांबली का समजजो, आमी खुशाल आहो.”

आवाज विमलबाईचा. अठरा वर्षं झाली त्याला. शेलूबाजारच्या चौकात ट्रकच्या फाळक्याला धरून ती उभी होती, पदराच्या गाठीत एक जुना मोबाइल, आणि खाली रस्त्यावर चौथीत शिकणारी तिची लेक, पौर्णिमा. ट्रक चंद्रपूरकडच्या वीटभट्टीवर निघाला होता. दिवाळी सरली की जायचं, मिरगाच्या तोंडावर परतायचं. लेकीची शाळा बुडू नये म्हणून तिला रुख्मिणी आत्याजवळ ठेवलं होतं. ट्रक हलला तशी विमलबाई आणखी काहीतरी म्हणाली, पण ते धुरळ्यात गेलं. पौर्णिमेजवळ एवढंच वाक्य उरलं. पेटीतल्या लुगड्यासारखं ते तिने घडी घालून ठेवलं होतं. मधूनमधून काढायची, हुंगायची, पुन्हा ठेवायची.

आत्याच्या घरी फोन नव्हता. फोन होता चौकातल्या उस्मान टेलरकडे. ठरलं ते असं की रोज दिवेलागणीला, मगरिबच्या अजानीच्या जरा आधी, विमलबाई भट्टीवरून उस्मानचाचाच्या फोनवर एकच रिंग देईल आणि कापेल. बोललं की पैसे जातात, वाजलं तर जात नाहीत. त्या सालांत अर्धा मुलूख असाच न बोलता एकमेकांची खुशाली कळवत होता.

रोज संध्याकाळी परकराचा ओचा धरून पौर्णिमा दुकानाच्या पायरीवर येऊन बसायची. फोन वाजायचा, थांबायचा. उस्मानचाचा मशीनवरून उठायचे, कापडाच्या कपाटाचं दार उघडायचे आणि दाराच्या आतल्या बाजूला निळ्या पेन्सिलीने एक उभी रेघ मारायचे. “झाली हाजरी तुह्या मायची,” म्हणायचे. मग ती उड्या मारत घरी. दारातच आत्या विचारायची, “वाजली?” ही म्हणायची, “वाजली.” झालं. दोघी जेवायला बसायच्या.

एकशे तीन रेघा झाल्या. एकशे चौथ्या दिवशी फोन वाजला आणि थांबलाच नाही. वाजतच राहिला. उस्मानचाचांनी तो उचलला, तेव्हा पौर्णिमा पायरीवर होती. पलीकडे भट्टीवरचा मुनशी बोलत होता.

बाप इंद्रभान माघारी आला तो एकटाच. पुढे कधीतरी, फार विचारल्यावर, त्याने सांगितलं. नऊ दिवस ताप होता. तो दिवसभर भट्टीवर, ती खोपीत पडून. मुकादम म्हणत राहिला, उतरंल. फोन तिच्याच उशाखाली असायचा. त्यातलं त्याला काही कळत नव्हतं. भट्टीवर रेंज नव्हती. रिंग द्यायची तर राखेच्या टेकाडावर चढून जावं लागे, एवढं त्याला माहीत होतं.

दहा वर्षांच्या पोरीने मग स्वतःच हिशोब जुळवला. ताप नऊ दिवस, आणि रिंग एकही दिवस चुकली नाही. म्हणजे माय तापात उठत होती. गुडघ्यावर हात देऊन टेकाड चढत होती, फोन आभाळाकडे धरून बटण दाबत होती, आणि उतरून पुन्हा पडत होती. कशासाठी, तर शेलूबाजारच्या पायरीवर बसलेल्या लेकीला घास गोड लागावा म्हणून. हे चित्र पौर्णिमेने पाहिलं नव्हतं, तरी तिच्याजवळ दुसरं कुठलंही चित्र इतकं स्पष्ट नव्हतं. दहावीला ती त्याच्यावर तरली, पुण्यात कंप्युटरचं शिकायला गेली तेव्हाही त्याच्यावरच. विटा थापताना माय जे गुणगुणायची तेही तिला या चित्राबरोबरच आठवायचं:

थापतो मी ईट, वल्या मातीच्या साच्यात
नाव पुनवेचं माह्या, झाकल्या मुठीच्या आत

बाप गेला. आत्या गेली. उस्मानचाचा राहिले. जून लागला की पौर्णिमेच्या अंगाचं माप घ्यायचे आणि शाळेचा गणवेश शिवून द्यायचे, थेट दहावीपर्यंत. शिलाई कधी घेतली नाही. “माप बदलत राह्यतं तुहं, मले सराव होते,” एवढंच म्हणायचे. कपाटाचं ते दार त्यांनी कधी पुसलं नाही, की रंगवलं नाही.

आता पौर्णिमा त्याच दुकानावरच्या खोलीत बसते. दोन टेबलं, चार स्क्रीन, एक कूलर, इन्व्हर्टर. पुण्याची कंपनी आहे आणि काम पाहण्याचं आहे. एखाद्या संस्थेचं कंप्युटरवरचं काम आजकाल एका जागी नसतं. थोडं या कंपनीच्या क्लाउडवर, थोडं त्या, थोडं तिसऱ्या. तिघांच्या बोलीही वेगळ्या. एक सर्व्हर बंद पडला की ओरडून सांगतो, दुसरा नुसता आकडा बदलतो, तिसरा गप्प बसतो. या तिघांचं बोलणं एका स्क्रीनवर आणायचं, कुठे लाल दिसलं की ज्याचं त्याला उठवायचं, ही पौर्णिमेची नोकरी. वर्षापूर्वी तिने उस्मानचाचांच्या नातीला, नमराला, सोबत घेतलं. बीएस्सी होऊन घरी बसली होती. तिची आई कौसर म्हणाली होती, “तुमच्यावर सोडते, पौर्णिमा. पोरगी भोळी हाये.”

क्लाउडची नावं लांबलचक म्हणून दोघींनी त्यांना जवळपासच्या गावांची नावं दिली होती. पहिला कामरगाव, दुसरा शेलू आणि तिसरा, सतत रुसणारा, मानोरा. “ताई, मानोरा बोलून नाई राह्यला,” असं नमरा म्हणाली की पौर्णिमा म्हणायची, “दोन मिनिटं थांब, जीप भरली नसन अजून.” आणि दोघी हसायच्या.

शनिवारनंतर खोलीत कुणी हसलं नव्हतं.

सहा जिल्ह्यांतल्या रक्तपेढ्यांचं काम त्यांच्याकडे होतं. लोकांच्या मोबाइलवरचं अ‍ॅप कामरगाववर, कुठल्या पेढीत कुठल्या गटाच्या किती पिशव्या ते शेलूवर, आणि रक्ताच्या फ्रिजचं तापमान दर मिनिटाला मानोऱ्यावर. शनिवारी दुपारी एका तालुक्याच्या पेढीतली लाइट गेली. बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन. फ्रिजचा आपला भोंगा होता, पण त्या खोलीत माणूस नव्हतं. सगळे स्क्रीनवर विसंबून. आणि स्क्रीनवर पाच तास हिरवा दिवा होता. मानोऱ्याकडून या पाच तासांत एकही आकडा आला नव्हता, तरी दिवा हिरवाच राहिला.

एकसष्ट पिशव्या फेकाव्या लागल्या. बऱ्याचशा चौदा एप्रिलच्या शिबिरातल्या. भीमजयंतीला गावोगावच्या विहारांसमोर मांडव टाकून लोकांनी बाही वर केली होती. पौर्णिमेनेही केली होती. आपली पिशवी त्यात होती का, हे तिला कळायला मार्ग नव्हता. आणि पेढीच्या दारातून एका बाळंतिणीला तसंच अकोल्याला न्यावं लागलं. ती वाचली, असा निरोप रविवारी आला.

शनिवारी दुपारची पाळी नमराची होती.

सोमवारी, म्हणजे आज, चार वाजता पुण्याहून कंपनीच्या वैजयंती मॅडम स्क्रीनवर येणार होत्या. त्यांनी सकाळीच लिहून पाठवलं होतं: पाळीवरच्या व्यक्तीचं दुर्लक्ष, किंवा तिच्याकडून चुकून बदललेली सेटिंग, यांपैकी काय ते आज ठरेल. दोन्हींचा शेवट एकच होता.

“ताई,” नमरा म्हणाली. तिचे डोळे सुजले होते, ओढणीचं टोक चोळून चोळून चुरगळलं होतं. “मीच कायतरी दाबलं असन.”

“असं काहून म्हणतं?”

“मग कोणं दाबलं? लॉगिन आपल्या दोघींचं एकच. तुमी तं दाबणार नाई.”

पौर्णिमेने स्क्रीनकडे पाहिलं. तीन ओळी, तिन्ही हिरव्या.

“दर घंट्याले पाह्यलं मी,” नमरा बोलत राहिली. “कसम खाते. हिरवंच होतं. पण मले वाटून राह्यलं, सकाळी माऊस सरकवताना कुठं लागला असन हात. रात्रभर तेच आठवून पाह्यते. आठवत नाई. जे आठवत नाई ते मीच केलं असन ना?”

“जेवली का तू?”

“मन नाई.”

पौर्णिमा उठली. “मी खालून येते,” म्हणाली. नमरासमोर आणखी बसवत नव्हतं.

कारण दाबलं तिनेच होतं.

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. मानोरा फार कुरकुरत होता. मिनिटभर गप्प व्हायचा, अलार्म वाजायचा, पाहायला जावं तर बोलायला लागलेला. दिवसातून चाळीस-चाळीस वेळा. पेढीवाले वैतागले, मॅडम म्हणाल्या, “पौर्णिमा, ही खोटी बोंब थांबव. खरी आग लागेल तेव्हा कुणी फिरकणार नाही.” प्रत्येक अलार्मच्या सेटिंगमध्ये एक प्रश्न असतो: उत्तर आलं नाही तर काय समजायचं? खाली तीन पर्याय. बिघाड समजा. आधी होतं तेच समजा. ठीक समजा. पौर्णिमेने तिसरा निवडला. एका संध्याकाळपुरता. उद्या निवांत बसून मूळ दुखणं शोधू, असं ठरवून.

दुसऱ्या दिवशी खोली कशी शांत होती. पेढीवाले खूश. आठवड्याअखेर मॅडमनी लिहिलं, “शाब्बास, छान आठवडा गेला.” शांततेची चटक लागते. तिने ते उद्यावर टाकलं, मग परवावर, आणि मग सेटिंग डोक्यातूनच गेली. शनिवारी संध्याकाळी ती आठवली, तेव्हा पहिल्यांदा तिने काय केलं असेल तर गुपचूप ती मूळपदावर आणली. नमरा तेव्हा बाजूच्याच टेबलावर रडत होती.

दोन दिवस पौर्णिमा स्वतःला सांगत होती: नमरा लहान आहे, दुसरी नोकरी मिळेल. आपलं नाव गेलं तर खोली जाईल, पुण्याचं काम जाईल, उद्या इथली आणखी कुणी पोरगी या कामात यायची ती येणार नाही. कारणं चांगली होती. चांगली म्हणूनच टोचत होती.

दुकानात उस्मानचाचा गणवेशांच्या ढिगात बसले होते. जून जवळ येत होता. पंचाहत्तरी ओलांडली होती, तरी काज स्वतःच्या हाताने करायचे.

“काय म्हनते तुहे ढग?” मान वर न करता त्यांनी विचारलं. “पानी पाडतेत का नुसता पगार?”

“पाडतेत थोडंबहुत.”

“आमची पोट्टी जेवत नाई. मायनं डबा धाडला, तसाच वापस. म्या विचारलं, काय झालं वं? तं म्हने, दादाजान, तुमाले नाई समजनार.” त्यांनी दोरा दाताने तोडला. “साठ वर्सं लोकाईचे मापं घेतले. कोनाच्या छातीवर किती वझं हाय ते बनेनवरून समजते मले. तिले म्हना, समजते.”

पौर्णिमेला हसू आलं नाही. “चाचा, कपाट उघडू?”

“तुहंच हाय.”

तिने दार उघडलं. कोऱ्या कापडाचा, डांबराच्या गोळ्यांचा वास. आतल्या बाजूला निळ्या रेघा, दहा-दहाच्या जुड्या करून. कित्येक वेळा मोजलेल्या. एकशे तीन. शेवटच्या थोड्या कललेल्या, वाऱ्याने ज्वारी झुकावी तशा. तिने त्यांच्यावरून बोट फिरवलं. ही तापातली. हीही. ही शेवटली, टेकाड चढवत नसेल तेव्हाची. जिच्या अंगात उभं राहायचं बळ नव्हतं तिने खुशाली कळवायचं चुकवलं नाही, आणि मी कूलरसमोर बसून काय केलं?

“काय पाह्यतं एवढं?” चाचांनी विचारलं. आवाज जरा वेगळा वाटला. ती वळली तर ते सुईत दोरा ओवत होते, आणि दोरा जात नव्हता.

“काही नाही. वर जाते. चार वाजत आले.”

चार वाजता मॅडम स्क्रीनवर आल्या. पांढरे केस, सरळ भांग, समोर कागद. वाईट बाई नव्हती. नमराला त्यांनी आधी पाणी प्यायला सांगितलं.

“नमरा, घाबरू नकोस. मला फक्त क्रम हवाय. त्या दिवशी पाळी सुरू केल्यावर तू सेटिंगच्या पानावर गेली होतीस का?”

“मला आठवत नाही, मॅडम.”

“गेली नव्हतीस, असं ठामपणे सांगू शकतेस?”

नमराने पौर्णिमेकडे पाहिलं. त्या पाहण्यात शंका नव्हती, हे सगळ्यात वाईट. लहान मूल रस्ता ओलांडताना मोठ्या माणसाकडे पाहतं, तसं तिने पाहिलं.

“नाही, मॅडम. ठाम नाही सांगू शकत. माझ्याच हातून…”

“तिच्या हातून नाही,” पौर्णिमा म्हणाली.

मॅडमनी कागद खाली ठेवला.

“तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी संध्याकाळी. उत्तर आलं नाही तर ठीक समजा, असं मी केलं. अलार्म थांबवायला. दुसऱ्या दिवशी काढणार होते, काढलं नाही. शनिवारी सगळं झाल्यावर मीच ते परत बदललं. त्या पाच तासांत नमराच्या जागी कुणीही बसलं असतं तरी त्याला हिरवंच दिसलं असतं.”

कूलरचा पंखा घरघरत होता.

“शनिवारी मी तुला विचारलं होतं,” मॅडम म्हणाल्या. “सेटिंग कुणी बदलली असेल का. तू म्हणालीस, बघून सांगते.”

“हो.”

“दोन दिवस झाले त्याला.”

“हो, मॅडम.”

“चूक झाली असती तर मी पाठीशी उभी राहिले असते, पौर्णिमा. चुका माझ्याही झाल्यात. पण तू या मुलीला दोन दिवस...” त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. “तुझं लॉगिन आत्तापासून बंद. रक्तपेढ्यांना मी काय ते कळवते. नमरा, उद्यापासून सकाळची पाळी तुझी. नवं लॉगिन येईल, तुझ्या एकटीच्या नावाचं.”

स्क्रीन गेली. पाठोपाठ पौर्णिमेच्या टेबलावरच्या तिन्ही ओळी करड्या झाल्या. हिरवंही नाही, लालही नाही.

नमराने ओढणी नीट केली.

“दोन रात्री मी झोपली नाई, ताई,” ती म्हणाली. “अम्मीले म्हटलं, माह्यामुळं एक बाई मेली असती. तुमी बाजूलेच बसून होत्या.”

“हो, नमरा.”

“आत्ता काही बोलू नका माह्यासंगं.” तिने डबा उचलला. दारात क्षणभर थांबली, वळली नाही, आणि जिना उतरून मागच्या दाराने घरी गेली.

पौर्णिमेने कूलर बंद केला. इन्व्हर्टरचा दिवा तेवढा चालू राहिला. ती खाली आली तेव्हा ऊन कललं होतं, चौकात मानोऱ्याच्या जीपवाल्याची आरोळी चालली होती, आणि चाचा मशीनवर होते. ती पायरीवर बसली. त्याच पायरीवर, लहानपणी बसायची तशी, गुडघे छातीशी घेऊन.

“नमरा रडत गेली,” चाचा म्हणाले. मशीन चालूच होतं. “नौकरी गेली तिची?”

“तिची राहिली. माझी गेली बहुतेक.”

“काहून?”

“चूक माझी होती. तिच्यावर जाऊ देत होती मी.”

मशीनवरचा त्यांचा पाय क्षणभर अडखळला, पुन्हा चालू लागला. “कायची चूक? समजन असं सांग. तुहे ढग-बिग राहू दे.”

मग पौर्णिमेने सांगितलं, चौकाकडे पाहत. “तिकडून दर मिनिटाले खबर येते, चाचा. रक्त थंड हाये, बरं हाये, म्हणून. खबर आली नाई तं घंटी वाजाले पायजे. ती लय वाजे. कटकट व्हायची सगळ्याईले. तं मी मशीनला सांगून ठेवलं, खबर आली नाई तरी बरं हाये असंच दाखव. लोक खूश होते. मीबी खूश होती. नमरा बिचारी त्या हिरव्या दिव्याकडं पाहत बसली आन तिकडं रक्त नासत राह्यलं. खबर नव्हतीच. मी रंगवली होती ती.”

मशीन थांबलं.

“दुपारी तुमच्या कपाटातल्या रेघा पाहिल्या,” ती बोलत राहिली. “म्हणून बोलू शकली. नाहीतर नसती बोलली. माय तापात टेकाड चढून रिंग देत होती. नऊ दिवस. मरणाच्या दारात खरी खबर धाडली तिनं. मी तिची लेक असून...”

“बस,” उस्मानचाचा म्हणाले.

तिने मागे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून ढिगावर ठेवला होता. हाताचा आधार घेत ते उठले, कपाटाजवळ गेले, दार उघडलं. निळ्या रेघांवरून त्यांचं बोट खाली खाली आलं आणि कललेल्या रेघांपाशी थांबलं.

“ह्या पाह्यल्या तू?”

“रोज पाहते.”

“तिरप्या काहून हायेत, कधी इचारलं नाई.”

“गिऱ्हाईक असंल तेव्हा. घाई असंल.”

“घाई नव्हती, बेटा.” ते तिच्याजवळ आले आणि पायरीवरच बसले, तिच्याशेजारी. गुडघे वाजले. इतक्या वर्षांत ते कधी पायरीवर बसले नव्हते. “त्या दिवशी तू अशीच बसून होती. अजान झाली. म्या नमाज पढून आलो तरी बसूनच. म्हने, वाजल्याबिगर जात नाई. दुकान बंद करायचा टाइम झाला. भुकेनं पेंगत होती तू, मान इकडून तिकडं. आन तुही स्कालरशिपची परीक्षा रयवारी. मंग म्या म्हटलं…” ते थांबले. ओठ ओले केले. “म्या म्हटलं, आत्ता वाजली, तू पेंगत होती तवा. तू उठली आन उड्या मारत गेली.”

पौर्णिमेने मान वळवून कपाटाच्या उघड्या दाराकडे पाहिलं.

“मले वाटलं, रेंज नसन. उद्या वाजंन. उद्या आला, तू आली. पुन्हा मीच बोललो, तू याच्या आधीच वाजली म्हनून. मंग परवा. रोज वाटे, आज वाजंन आन काल-परवाचं सारं फिटून जाईन. तू रेघा मोजत होती, म्हनून रेघ तं माराच लागे. सरळ मारवत नव्हती. तिरपी मारली. खोटी कोनती, ते कमसे कम माह्यं मले ठाऊक राहावं.”

चौकातली जीप भरली आणि निघून गेली. मशिदीच्या भोंग्यातून कुणी तरी खाकरलं.

“दुसऱ्याच दिवशी तुह्या आत्याले सांगतो, तं ती कोनाले तरी गाडीत बसवती. तिसऱ्या दिवशी मानूस भट्टीवर पोचतं. दवाखान्यात नेतं तिले.” त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, रस्त्यावर जिथे कधीकाळी ट्रक उभा होता तिकडे पाहत होते. “तू म्हनत आली, माय टेकाड चढली, माय टेकाड चढली. साऱ्या गावाले सांगत आली. तुहं तोंड पाहून मले बोलवलं नाई. गनवेश शिवत राह्यलो.”

त्यांनी श्वास घेतला. तिला पुनव म्हणणारं जगात आता कुणी नव्हतं, आणि त्यांनीही कधी म्हटलं नव्हतं.

“फोन नव्हता वाजला, पुनव. नऊच्या नऊ दिवस नव्हता वाजला.”